फ्रिज गॅलरीत ठेवताय? आधी गॅलरी तपासा!

मैत्रिणींनो, घरात नवा फ्रिज आला की जुना कुठे ठेवायचा हा प्रश्न त्याच्या पाठोपाठ येतोच. "चांगला चालू आहे, मोडीत कशाला द्यायचा? गॅलरीत ठेवू," असे सासूबाई म्हणतात. "गाडीच्या शेडमध्ये ठेवू, पाहुणे आले की उपयोगी पडेल," असे यजमान म्हणतात. काही घरांत तर पहिलाच फ्रिज बाहेर ठेवावा लागतो, कारण स्वयंपाकघरात ओटा, मांडणी आणि फ्रिज असे तिन्ही मावतच नाहीत. वायर पोचली, प्लग लागला की फ्रिज कुठेही चालतो, असा आपला समज असतो. तो खरा नाही, हे सांगणारी तीन पत्रे आज एकत्रच उत्तरायला घेतली आहेत.

पहिले पत्र अकोल्याच्या एका भगिनीचे. त्यांनी मागच्या गॅलरीवर पत्रा घातला, काचा लावून ती बंद करून घेतली आणि फ्रिज तिथे हलवला. मे महिन्यात सकाळी तापवून ठेवलेले दूध दुपारच्या चहाला नासते. मशीन सारखे घुं घुं करत असते. मेकॅनिक येऊन गॅस भरून गेला, तरी तेच. सासूबाईंचे इन्सुलिनही त्याच फ्रिजमध्ये असते, म्हणून जीव जास्त घाबरतो.

दुसरे पत्र निफाडजवळून आले आहे. तिथली थंडी सर्वांना ठाऊक आहे. एखाद्या पहाटे पारा ५ अंशांच्याही खाली जातो. या बाईंनी गाडीच्या उघड्या शेडमध्ये दुसरा फ्रिज ठेवला आणि हिवाळ्यात सोललेले मटार पिशव्या भरभरून फ्रीझरमध्ये घातले. मटार पहाटे मऊ, दुपारनंतर पुन्हा घट्ट! असे करता करता सगळ्याचा एक गोळा झाला आणि त्याला वास येऊ लागला. त्या विचारतात, "बाहेर एवढं गारठतंय, मग फ्रीझर वितळतोच कसा?"

तिसरे पत्र पुण्याच्या एका आईचे. मुलगी अमेरिकेत मिनेसोटा राज्यात असते. तिकडे घराला लागूनच गाडीचे गॅरेज असते. घर उबदार ठेवतात, पण बऱ्याच गॅरेजना ती सोय नसते. मुलीला तिथे दुसरा फ्रिज घ्यायचा आहे. तो कोणता घ्यावा, हे तिने आईला विचारले आणि आईने आपल्याला!

एकीच्या फ्रिजला ऊन बाधले, दुसरीच्याला थंडी, आणि तिसरीचा अजून दुकानातच आहे. तरी तिघींना उत्तर एकच आहे. फ्रिज ज्या हवेत उभा राहणार, ती हवा त्याला मानवली पाहिजे. म्हणून आधी जागा पाहावी आणि मग फ्रिज निवडावा. आपण बहुतेक वेळा उलट करतो.

असे का होते?

फ्रिज थंडी तयार करत नाही, बरं का. तो आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. जुन्या फ्रिजच्या पाठीला जी काळी जाळी दिसते, तिथून ती बाहेर पडते. बऱ्याच नव्या फ्रिजमध्ये तिच्या नळ्या दोन्ही बाजूंच्या पत्र्याआड असतात, म्हणून त्या बाजू हाताला कोमट लागतात. आता बाहेरचीच हवा ४५ अंशांवर गेली असेल, तर ही उष्णता टाकायची कुठे? काठोकाठ भरलेल्या टाकीत आणखी पाणी चढवण्यासारखेच ते. मशीन थांबत नाही, वीज जळते आणि आतले दूध मात्र हवे तेवढे गार होत नाही. अकोल्याच्या बाईंच्या फ्रिजमध्ये गॅस कमी नसावा. हवाच जास्त तापलेली आहे.

निफाडचा प्रकार उलटा आहे. नेहमीच्या दोन दारांच्या फ्रिजमध्ये दोन्ही कप्प्यांना मिळून एकच मशीन असते. ते कधी सुरू व्हायचे आणि कधी थांबायचे, हे बऱ्याच मॉडेलमध्ये दूध-भाजीच्या कप्प्यातला थर्मोस्टॅट ठरवतो. बाहेरच गारठा असला की हा कप्पा आपोआप गार राहतो आणि थर्मोस्टॅट मशीनला उठवतच नाही. फ्रीझरला तर उणे १८ अंशांची थंडी हवी असते. थोरल्या जाऊबाईंना भूक नाही म्हणून चूलच पेटली नाही आणि धाकटीची मुले उपाशी राहिली, तसे हे होते! रात्रभर मशीन निजलेले, म्हणून मटार मऊ. दुपारी ऊन चढले की मशीन जागे होते आणि मटार पुन्हा घट्ट.

फ्रिजवरची अक्षरे वाचा

कोणता फ्रिज किती गरम आणि किती गार हवेत नीट चालेल, हे कंपनीने ठरवलेले असते. त्याला क्लायमेट क्लास म्हणतात. भाजीच्या ड्रॉवरजवळ आतल्या बाजूला, पाठीवरच्या पट्टीवर किंवा सोबतच्या पुस्तिकेत तो इंग्रजी अक्षरांत छापलेला सापडतो. अक्षरांचा अर्थ असा:

एसएन म्हणजे भोवतालची हवा १० ते ३२ अंश.
एन म्हणजे १६ ते ३२ अंश.
एसटी म्हणजे १६ ते ३८ अंश.
टी म्हणजे १६ ते ४३ अंश.

काही फ्रिजवर "एसएन-टी" अशी जोड असते. तो १० पासून ४३ अंशांपर्यंत चालतो. हे सगळे आकडे सेल्सिअसमधले आहेत, आणि ते फ्रिजच्या आतले नव्हेत, बाहेरच्या हवेचे आहेत, हे लक्षात ठेवा.

दुकानात रंग, लिटर आणि दारावरची फुले आपल्याला उत्साहाने दाखवतात. ही अक्षरे मात्र कुणी आपणहून दाखवत नाही. तुम्हीच विचारा. विक्रेत्याला सांगता आले नाही, तर पुस्तिका उघडून मागा. त्यात संकोच कसला? पैसे आपले जाणार आहेत.

मग जागा मोजा

भिंतीवर टांगायचा साधा थर्मामीटर बाजारात स्वस्तात मिळतो. जिथे फ्रिज ठेवायचा तिथे तो कमरेएवढ्या उंचीवर, थेट ऊन लागणार नाही असा टांगा. दुपारी तीन-चारच्या सुमारास आणि पहाटे दूधवाला येतो तेव्हा, असे दोनदा पाहून कॅलेंडरवर टिपून ठेवा. निदान एक आठवडा तरी पाहा. शक्य असेल तर हे काम कडक उन्हाळ्यात आणि कडक थंडीत करा, कारण फ्रिज बारा महिने उभा राहणार असतो. वर्तमानपत्रातला शहराचा आकडा इथे उपयोगाचा नाही. पत्र्याखालची बंद गॅलरी त्याहून कितीतरी जास्त तापते.

अकोल्याच्या बाईंना

पत्रा आणि काचा असलेली पश्चिमेची गॅलरी मे महिन्यात ४३ अंशांच्या वर जाणारच. म्हणजे तिथे टी वर्गाचा फ्रिज आणला, तरी तो नीट चालेल याची हमी नाही. नव्या फ्रिजवर पैसे घालण्याआधी फ्रिज माजघरात किंवा दिवाणखान्याच्या कोपऱ्यात हलवता येतो का ते पाहा. शोभा जराशी कमी होईल, पण दूध टिकेल. ते जमतच नसेल, तर काचांच्या जागी जाळी बसवून हवा खेळती करा, पत्र्याला वरून पांढरा रंग द्या, खालून छत घाला आणि उन्हाच्या बाजूला बांबूचे किंवा वाळ्याचे पडदे सोडा. मग पुन्हा तापमान मोजा. ४० च्या आत आले, तरच टी वर्गाचा फ्रिज तिथे ठेवा.

इन्सुलिनचे मात्र आजच करा. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत राहिले पाहिजे. उष्णतेने त्याची ताकद कमी होते, आणि बाटलीकडे पाहून ते कळेलच असे नाही. फ्रिज ठीक होईपर्यंत ते शेजारणीच्या फ्रिजमध्ये ठेवा. आतापर्यंत गॅलरीत राहिलेले वापरावे की टाकावे, हे डॉक्टरांना किंवा औषधांच्या दुकानातल्या फार्मासिस्टला विचारा. आणि भीतीपोटी ते फ्रीझरमध्ये ठेवू नका, फ्रीझरच्या भिंतीला चिकटूनही नको. एकदा गोठलेले इन्सुलिन वापरायचे नसते.

निफाडच्या बाईंना

शेडमध्ये नेहमीचा दोन दारांचा फ्रिजच हवा असेल, तर एसएन-टी लिहिलेला घ्या. पण त्याचीही खालची मर्यादा १० अंशांची आहे. म्हणून डिसेंबर ते फेब्रुवारी त्याला घरात घेतलेला बरा. तुमचा मुख्य उपयोग मटार, आमरस, खवलेला नारळ साठवण्याचा असेल, तर वरून झाकण उघडणारा लहान डीप फ्रीझर जास्त सोयीचा. त्यात एकच कप्पा आणि त्याच कप्प्याचा थर्मोस्टॅट, त्यामुळे दुसऱ्याच्या भुकेवर याची चूल अवलंबून नसते. त्याच्या पुस्तिकेतही तापमानाची मर्यादा पाहून घ्याच, म्हणजे उन्हाळ्यात पंचाईत होणार नाही.

काही जणी थंडीत फ्रिजवर गोधडी टाकतात किंवा आत बल्ब लावून ठेवतात. असे काही करू नका. गोधडीने उष्णता बाहेर पडण्याची वाट अडते, आणि घरगुती बल्बच्या जोडणीने शॉक बसायचा धोका. आणि ते मटार? एकदा थोडे सैल झाले आणि आत बर्फाचे कण शिल्लक असले, तर पुन्हा गोठवले तरी चालते. पण रोज मऊ, रोज घट्ट होऊन वास आलेले मटार टाकूनच द्या. चार किलो मटार टाकताना जीव तुटतो खरा, पण मुलांची पोटे त्याहून मोलाची.

मिनेसोटातल्या मुलीला

तिकडच्या हिवाळ्यात बाहेरचा पारा शून्याच्या पुष्कळ खाली जातो. गॅरेज उबदार नसले, तर त्रास दोन प्रकारचा. हवा शून्य ते दहा अंशांच्या आसपास असते तेव्हा फ्रीझरमधले पदार्थ सैल होतात. ती शून्याखाली गेली की खालच्या कप्प्यातले दूध, अंडी, कोथिंबीर गोठते, आणि सरबताचे बंद डबे फुगून फुटतात. मुलीला सांगा, खास गॅरेजसाठी म्हणून विकला जाणारा फ्रिजच घे. त्यातल्या काहींमध्ये थर्मोस्टॅटजवळ लहानसा हीटर असतो. तो थर्मोस्टॅटला ऊब देतो, म्हणून बाहेर गारठा असूनही मशीन वेळेवर सुरू होते. पण "गॅरेजसाठी" एवढ्या शब्दावर विसंबू नये. कितीपासून किती तापमानापर्यंत चालतो, तो आकडा लेखी पाहावा. तिकडे आकडे फॅरनहाइटमध्ये असतात. तिथले ६० म्हणजे आपले साधारण १६ आणि तिथले ३२ म्हणजे आपले शून्य. नुसते गोठवलेले पदार्थच ठेवायचे असतील, तर तिलाही गॅरेजसाठी बनवलेला डीप फ्रीझरच सुचवा.

एक दार की दोन?

एक दाराचा साधा फ्रिज सहसा कमी वीज घेतो, पण त्याच्या बर्फाच्या कप्प्यावर थर साचतो आणि तो अधूनमधून वितळवावा लागतो. कोकणात, मुंबईला किंवा गोव्याला गॅलरीतली हवा दमट असते. दर वेळी दार उघडले की ती आत शिरते आणि थर भराभर चढतो. तिथे आपोआप बर्फ वितळवणारा फ्रॉस्ट फ्री फ्रिज सोयीचा. खारट हवेत तळाचा पत्रा गंजतो, म्हणून फ्रिज उंच स्टँडवर ठेवा आणि महिन्यातून एकदा त्याच्या खालून-मागून कोरडे फडके फिरवा. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत एक दाराचाही छान चालतो.

विजेच्या बाबतीत दारावरचे तारे पाहाच. ऊर्जा दक्षता ब्युरोची ही योजना २००६ साली सुरू झाली. नुसते तारे मोजू नका. लेबलवर वर्षाला किती युनिट लागतात ते आणि लेबलचे साल, दोन्ही वाचा. निकष वेळोवेळी कडक होतात, त्यामुळे जुन्या सालचे पाच तारे आजच्या पाच ताऱ्यांबरोबरीचे नसतात. समजा लेबलवर २५० युनिट आहेत आणि तुम्हाला युनिट ८ रुपयांना पडते. म्हणजे वर्षाला २,००० रुपये. पण तो आकडा प्रयोगशाळेतल्या ठरावीक तापमानाचा. तापलेल्या गॅलरीत बिल याहून जास्त येणार. "जुना आहेच की, फुकट वापरू" म्हणून ठेवलेला दुसरा फ्रिज असा दर महिन्याला भाडे वसूल करत असतो!

बाहेर ठेवताना घ्यायची काळजी

मागे आणि दोन्ही बाजूंना पुस्तिकेत सांगितली आहे तेवढी मोकळी जागा सोडा. कोनाड्यात घट्ट बसवलेला फ्रिज छान दिसतो, पण गुदमरतो.

प्लग तीन पायांचा आणि अर्थिंग पक्के हवे. एक्स्टेंशनची वायर ओढून फ्रिज लावू नये. पावसाची झड येते तिथे बोर्ड नको. विजेची गळती होताच वीज तोडणारा स्विच, ज्याला वायरमन आरसीसीबी म्हणतात, तो घरात बसवलेला असावा. संध्याकाळी दिवे मंदावत असतील, तर स्टॅबिलायझरबद्दल पुस्तिकेत काय लिहिले आहे ते पाहा.

शेडमध्ये किंवा गॅरेजमध्ये फ्रिजजवळ पेट्रोलचा कॅन ठेवू नका. गॅलरीत शेजारी जादा सिलिंडरही नको. पेट्रोलची वाफ आणि स्वयंपाकाचा गॅस दोन्ही हवेहून जड असतात, ते जमिनीलगत साचतात आणि फ्रिजचे मशीनही खालीच असते. तिथली एखादी ठिणगी पुरे होते. शिवाय आता बऱ्याच नव्या फ्रिजमध्ये आर-६००ए नावाचा गॅस असतो. तो ओझोनच्या थराला अपाय करत नाही, पण ज्वालाग्राही आहे. बर्फ सुटत नाही म्हणून सुरीने खरवडाल, तर नळीला भोक पडेल. तसे करू नका.

उंदीर वायर कुरतडतात. फ्रिजच्या मागे पोती, रद्दी साठवू नका. आणि बंद पडलेला फ्रिज बाहेर तसाच ठेवायचा असेल, तर त्याचे दार काढून ठेवा. लपंडाव खेळताना मूल आत शिरले आणि दार लागले, तर आत हवा राहत नाही.

चालतो की नाही, कसे ओळखाल?

मधल्या फळीवर पाण्याचा पेला ठेवून त्यात पाण्यात चालणारा थर्मामीटर बुडवा आणि सकाळी दार उघडताच पाहा. ४ अंशांच्या आसपास असावे, ५ च्या वर नको. ५ ते ६० अंशांच्या दरम्यान जंतू झपाट्याने वाढतात. शिजवलेले अन्न म्हणूनच दोन तासांहून जास्त वेळ बाहेर राहू देऊ नये, आणि जो फ्रिज १२-१५ अंशांवर असतो, त्यात ठेवलेले अन्न जवळजवळ बाहेरच ठेवल्यासारखे असते.

फ्रीझरसाठी रुपयाची युक्ती आहे. वाटीत पाणी गोठवा, बर्फावर एक रुपयाचे नाणे ठेवा आणि वाटी तिथेच राहू द्या. आठवड्याने पाहा. नाणे वरच असेल तर ठीक. ते बर्फात रुतले किंवा तळाशी गेले असेल, तर तुमच्या नकळत बर्फ वितळून पुन्हा गोठला आहे असे समजा. गावाला जाऊन आल्यावरही याच नाण्याकडे पाहून आतले ठेवायचे की टाकायचे ते ठरवता येते.

आणि जुना फ्रिज गॅलरीला मानवतच नसेल, तर त्याला बळेच राबवू नका. एक्सचेंजमध्ये द्या किंवा ई-कचरा अधिकृतपणे घेणाऱ्याकडे सोपवा. खूप जुन्या फ्रिजमधला गॅस ओझोनच्या थराला मारक असतो, म्हणून नळ्या कापून तो हवेत सोडणाऱ्या भंगारवाल्याला देऊ नका.

तेव्हा मैत्रिणींनो, या आठवड्यात एवढेच करा. फ्रिजचे दार उघडून ती अक्षरे शोधा आणि फ्रिजच्या शेजारी एक थर्मामीटर टांगा. दोन्हींचे जमत असेल, तर फ्रिज आहे तिथे सुखाने नांदू द्या. जमत नसेल, तर मेकॅनिकला बोलावण्याआधी फ्रिजची जागा बदलून पाहा.